काचेपासून सुटलेला पडदा

घडीचा फोन उघडून तिरप्या उजेडात धरला, की पडद्याच्या मधोमध एक उथळ चर दिसतो. बोट फिरवले तर तो हाताला लागतो. फोन नवा असताना जेमतेम जाणवणारा हा चर वापराने ठळक होत जातो. ज्याला या विषयात शिरायचे आहे त्याने सुरुवात इथूनच करावी, असे मला वाटते. पातळ आणि लवचीक पडद्यांसाठी गेली पन्नास वर्षे जी झटापट चालली आहे, ती या एका चरात पाहता येते.

वाकण्याचा हिशेब साधा आहे. पट्टी, पत्रा वा काच वाकवली, की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दबते. हा ताण किती, हे जाडी आणि वळण या दोन गोष्टींवर ठरते. जाडीला वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागले, की उत्तर मिळते. ०.१ मिलिमीटर जाडीची पट्टी ५ मिलिमीटर त्रिज्येत वाकवली, तर तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावर १ टक्का ताण येतो. आकडा किरकोळ वाटतो. पण पडद्यात वीज वाहून नेणारा जो पारदर्शक थर असतो, इंडियम टिन ऑक्साइडचा, तो जवळपास एवढ्याच ताणाला तडकू लागतो. जाडी कमी केली, की त्याच प्रमाणात ताण उतरतो. पुठ्ठा गुंडाळायला गेले तर चिरतो आणि पतंगाचा कागद हवा तसा वळतो, त्यामागे हेच गणित आहे. काचही त्याला अपवाद नाही. २०२० मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी झेड फ्लिप या फोनात सुमारे ३० मायक्रॉन जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाहून बारीक काच बसवली गेली, आणि ती दुमडू लागली. मात्र एवढी पातळ काच टोकदार वस्तूपुढे टिकत नाही, म्हणून तिच्यावर पुन्हा प्लास्टिकचा थर द्यावा लागला. आपले बोट फिरते ते या प्लास्टिकवर, आणि चर पडतो तोही मुख्यतः अशा मऊ थरांत आणि त्यांना चिकटवणाऱ्या गोंदात.

पडदा वाकवायचा तर तो पातळ हवा, आणि पातळ केला की तो नाजूक होतो. या क्षेत्रातल्या प्रत्येक शोधाला या पेचातून वाट काढावी लागली आहे. हा लेखसंग्रह ती वाट मराठी वाचकाला दाखवू पाहतो. बाजारात रोज येणाऱ्या नव्या नमुन्यांची ओळख करून देणारे लेखन मराठीत पुष्कळ आहे, ते उपयोगाचेही आहे. पण पडदा वाकतो कसा, तो वाकावा असे पहिल्यांदा कोणाला वाटले, आणि आपल्या घरात, शाळेत, एसटीच्या थांब्यावर त्याचे काय होणार, हे सलग सांगणारे पुस्तक नव्हते.

पडदा कागदासारखा असावा ही इच्छा जुनी आहे. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत ॲलन के यांनी मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. त्याच प्रयोगशाळेत त्याच दशकात निक शेरिडन यांनी वाचण्याच्या पृष्ठभागाचाच वेगळा विचार केला. तेव्हाचे संगणकाचे पडदे अंधुक होते, उजेडात नीट दिसत नसत. शेरिडन यांनी रबराच्या पातळ पत्र्यात तेलाने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या केल्या आणि प्रत्येकीत अर्धा काळा, अर्धा पांढरा असा एकेक मणी ठेवला. विजेच्या क्षेत्राने मणी वळायचा आणि वळल्यावर तसाच राहायचा. त्यांनी त्याला जायरिकॉन असे नाव दिले. मग बरीच वर्षे ते काम मागे पडले, पुढे त्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली आणि २००५ च्या अखेरीस ती बंदही झाली. तरीही स्वतःचा उजेड नसलेला, खोलीतल्या उजेडात वाचला जाणारा आणि मजकूर धरून ठेवायला वीज न मागणारा पडदा असू शकतो, हे त्या मण्यांनी दाखवून दिले होते.

ते व्यवहारात आणले एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या जोसेफ जेकबसन यांनी आणि बॅरेट कॉमिस्की व जे. डी. अल्बर्ट या त्यांच्या विद्यार्थ्यांनी. त्यांनी मण्याऐवजी कुपी घेतली. केसाच्या जाडीएवढ्या पारदर्शक कुपीत द्रव, त्यात पांढरे आणि काळे कण, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. खालून एका प्रकारचा विद्युतदाब दिला की पांढरे कण वर येतात, उलट दिला की काळे. वीज तोडली तरी कण जागचे हलत नाहीत. १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली, १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये शोधनिबंध आला, २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये लिब्रिए हे वाचनयंत्र विकायला काढले आणि २००७ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचे किंडल आले. इलेक्ट्रॉनिक कागदाच्या या शाखेला संग्रहात जागा थोडी जास्त मिळाली आहे आणि ती मी मुद्दाम देऊ दिली आहे. तिची चर्चा कमी होते, पण रोजच्या जगण्याशी तिचे नाते मला अधिक जवळचे वाटते.

दुसरी शाखा स्वतः उजेड देणाऱ्या पडद्यांची. तिचे मूळ एका चुकलेल्या प्रयोगात आहे. १९६७ मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा काम करत त्या प्रयोगशाळेत पॉलिअ‍ॅसिटिलीन हे प्लास्टिक बनवताना उत्प्रेरक चुकून हजारपट जास्त पडला. काळी भुकटी मिळायची तिथे चंदेरी, लवचीक पापुद्रा मिळाला. दुसऱ्या कोणी तो फेकून दिला असता. शिराकावांनी जपून ठेवला, अभ्यासला, आणि काही वर्षांनी टोकियोला आलेल्या ॲलन मॅकडायर्मिड यांना चहाच्या वेळी त्याबद्दल सांगितले. मॅकडायर्मिड यांनी त्यांना पेनसिल्व्हेनियाला बोलावून घेतले. तिथे ॲलन हीगर यांच्यासह तिघांनी त्या पापुद्र्यावर आयोडिनची प्रक्रिया केली, तेव्हा त्याची विद्युतवाहकता कोटीच्या पटीत वाढली. १९७७ मध्ये हे जगापुढे आले. प्लास्टिक म्हणजे वीज अडवणारा पदार्थ, ही शाळेपासूनची समजूत तिथे मोडली. तिघांना २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

सेंद्रिय पदार्थ वीज वाहू शकतो, तर उजेडही देऊ शकेल का? या प्रश्नावर दोन ठिकाणी काम झाले आणि त्यांतून या शाखेची दोन घराणी निघाली. अमेरिकेत कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी लहान रेणूंचे दोन पातळ थर एकावर एक बसवले आणि १० व्होल्टहून कमी दाबावर त्यांतून हिरवा उजेड काढला. तो निबंध १९८७ चा. इंग्लंडमध्ये केंब्रिजला जेरेमी बरोझ, डोनल ब्रॅडली आणि रिचर्ड फ्रेंड यांनी १९९० मध्ये लांब साखळीच्या बहुवारिकातून उजेड काढला. कोडॅकची रीत निर्वात पेटीत पदार्थाची वाफ करून थर देण्याची, केंब्रिजची रीत द्रावण करून ते शाईसारखे छापण्याची. छापता येणारा पडदा स्वस्त पडेल म्हणून केंब्रिजकडे लोकांचे लक्ष जास्त होते. प्रत्यक्षात आज फोनांमध्ये जे ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थातून उजेड देणारे, पडदे असतात ते बहुतेक वाफेच्या रीतीने बनतात. शुद्धता आणि आयुष्य या दोन्हींत लहान रेणूंनी बाजी मारली. वर्तमानपत्रासारखे पडदे छापायचे स्वप्न मागे पडले आहे, पण मेलेले नाही, आणि त्याचे मला अजूनही मोठे आकर्षण वाटते.

ओएलईडी लवचीक होऊ शकतो याचे कारण त्याला मागून दिवा लागत नाही. एलसीडीला मागे दिवा आणि दोन काचांत कोंडलेले द्रवस्फटिक लागतात, आणि त्या काचांमधले अंतर जराही बदलून चालत नाही. ओएलईडीला नुसता एक आधार हवा. हा आधार पॉलिइमाइडचा असतो. हे पिवळसर प्लास्टिक भट्टीतले चारशे अंशांच्या आसपासचे तापमान सोसते. ते द्रवरूपात काचेवर पसरवतात, तापवून घट्ट करतात, वर ट्रान्झिस्टरांचे जाळे आणि उजेड देणारे थर बसवतात. सगळे झाले की काचेच्या खालच्या बाजूने लेसर फिरवतात. काच आणि प्लास्टिक यांच्या सीमेवरचा पुसट थर जळतो आणि पडदा काचेवरून सुटा होतो. जगातला जवळजवळ प्रत्येक घडीचा पडदा असा काचेवर जन्माला येतो. ट्रान्झिस्टरांच्या बाबतीत टोकियोच्या हिदेओ होसोनो यांनी २००४ मध्ये एक मोठी अडचण सोडवली. इंडियम, गॅलियम आणि झिंक यांच्या ऑक्साइडचे पारदर्शक ट्रान्झिस्टर खोलीच्या तापमानाला प्लास्टिकवर बनवता येतात, हे त्यांनी दाखवले. राहिला प्रश्न दमटपणाचा. ओएलईडीतले पदार्थ ओल लागली की मरतात आणि पडद्यावर काळे ठिपके पडतात. दिवसाला एका चौरस मीटरमागे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून जास्त बाष्प आत जाता कामा नये, असा दंडक आहे. खाद्यपदार्थांची उत्तम पाकिटेही याच्या हजारो पटींनी कमी पडतात. काचेला हे सहज जमते, प्लास्टिकला जमत नाही. म्हणून सेंद्रिय आणि असेंद्रिय थर आलटून पालटून देऊन बाष्पाची वाट लांबवतात. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने काढलेल्या माणसाला या दंडकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तिसरी शाखा वयाने लहान आहे. तिला वाकणे पुरत नाही, ताणता येणे हवे. टोकियो विद्यापीठातले ताकाओ सोमेया आणि स्टॅनफर्डमधल्या झेनान बाओ ही तिच्यातली मोठी नावे. सोमेया यांच्या गटाने २०१८ मध्ये रबरी पत्र्यावर सूक्ष्म एलईडी बसवून कातडीला चिकटणारा पडदा दाखवला. तो ४५ टक्क्यांपर्यंत ताणला जायचा आणि छातीवरच्या संवेदकाने टिपलेला हृदयाचा आलेख हाताच्या मागच्या बाजूवर उमटवायचा. घरी एकट्या राहणाऱ्या वृद्धाला किंवा गावातल्या आशा कार्यकर्तीला याचा काय उपयोग होईल, याचा विचार करताना मला खरी उमेद वाटते. अजून ते प्रयोगशाळेतच आहे, हेही सांगितले पाहिजे.

या इतिहासात फसलेले प्रयत्न बरेच आहेत आणि त्यांच्यापासून शिकण्यासारखे जास्त आहे. फिलिप्समधून निघालेल्या पॉलिमर व्हिजनने फोनच्या अंगाभोवती गुंडाळला जाणारा इलेक्ट्रॉनिक कागद बनवला, रीडियस नावाचा. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. केंब्रिजच्या प्लास्टिक लॉजिकने २०१० च्या जानेवारीत क्यू नावाचे न फुटणारे वाचनयंत्र जाहीर केले. त्याच महिन्यात आयपॅड जाहीर झाला आणि काही महिन्यांत क्यू विक्रीला येण्याआधीच रद्द झाले. चीनच्या रोयोलने २०१८ मध्ये पहिला विकाऊ घडीचा फोन आणला. २०२४ मध्ये तीही कंपनी दिवाळखोर ठरली. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन, गॅलेक्सी फोल्ड, २०१९ च्या एप्रिलमध्ये परीक्षकांच्या हातात मोडू लागला, काहींनी वरचा संरक्षक थर साधी पट्टी समजून सोलून काढला, आणि फोन सप्टेंबरपर्यंत लांबला. एलजीने २०२० मध्ये कोरियात गुंडाळून पेटीत जाणारा ६५ इंची टीव्ही विकायला काढला, किंमत १० कोटी वॉन. तो घरोघरी जाणे शक्यच नव्हते. या यादीत वाईट अभियंते कोणी नाहीत. बहुतेक ठिकाणी पडदा वाकला. तो वाकल्यामुळे माणसाची कुठली अडचण सुटणार, याचे उत्तर मात्र तयार नव्हते.

भारताची जागा या नकाशावर कुठे, हे वाचक विचारणारच. एक जागा अभिमानाची आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थाळीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर सळईसारखे रेणूच द्रवस्फटिक होतात असे मानले जात असे. या थाळ्यांपासून जपानच्या फुजीफिल्मने पुढे एक पातळ पापुद्रा बनवला. तो एलसीडीवर लावला की पडदा बाजूनेही नीट दिसू लागला, आणि जगभरातल्या संगणकांवर तो गेला. मूळ ज्ञान आपले, माल दुसऱ्यांचा. आज आयआयटी कानपूरला लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे, तरी फोन आपल्याकडे जुळवले जातात आणि त्यांचे पडदे बाहेरून येतात. २०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने अर्धसंवाहक आणि डिस्प्लेसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पुढच्या वर्षी तळेगावसाठी बोलणी चाललेला वेदान्त-फॉक्सकॉनचा अर्धसंवाहक आणि डिस्प्लेचा प्रकल्प गुजरातला गेला. महाराष्ट्रात त्यावर मोठे रण माजले, आणि २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉनने त्यातून अंगच काढून घेतले. त्या वादात प्रकल्प कोणाकडे गेला एवढेच बोलले गेले. पडद्याचा कारखाना चालवायला लागणारी माणसे, वायू, पाणी आणि रसायने आपल्याकडे कितपत आहेत, हे कोणी विचारले नाही. संग्रहातल्या एका लेखाने ते विचारले आहे.

हे पुस्तक आताच का, याचे माझे उत्तर दुरुस्तीच्या टेबलावर आहे. साध्या फोनची काच फुटली, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर पडदा गरम तव्यावर ठेवतो, बारीक तारेने काच आणि डिस्प्ले यांच्यातला गोंद कापतो, उरलेला गोंद बोटाने चोळून काढतो आणि नवी काच चिकटवतो. डिस्प्ले वाचतो, गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात. डिस्प्लेच गेला असेल तर तो काच आणि डिस्प्ले यांचा जोड, म्हणजे 'कॉम्बो', बदलतो. घडीच्या पडद्यात ही कला चालत नाही. थर इतके पातळ आणि एकमेकांत इतके रुतलेले असतात, की सुटे करायला गेले तर सगळेच जाते. पूर्ण पडदा बदलावा लागतो आणि त्याची किंमत फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा असते. बऱ्याच फोनांसाठी कंपन्यांनी २,००,००० घड्यांचा दावा केला आहे, म्हणजे दिवसाला शंभर घड्या धरल्या तर पाच वर्षांहून थोडे अधिक. आपल्याकडे फोन पाच वर्षांनी मरत नाही. तो मोठ्याकडून धाकट्याकडे, शहरातून गावाकडे जातो. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, ते योग्यच झाले. पण दुरुस्त होऊ शकेल असा पडदा बनवण्याची सक्ती आपल्याकडे कोणावर नाही. पडदा किती वाकतो यापेक्षा तो एका घरात किती वर्षे टिकतो, या मापाने हे तंत्रज्ञान जोखले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

त्या मापाने पाहिले तर भविष्य घडीच्या फोनापेक्षा इलेक्ट्रॉनिक कागदाच्या बाजूला झुकलेले दिसते. युरोपातल्या बऱ्याच दुकानांत फळीवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या या कागदाच्या असतात. लंडनच्या बसथांब्यांवर सौर ऊर्जेवर चालणारे असे फलक लावून पाहिले गेले. आपल्याकडे गावोगावच्या एसटी थांब्यांवर रंगवलेले वेळापत्रक गाड्या बदलल्या तरी तसेच राहते. तिथे वीज येते-जाते, ऊन कडक असते, आणि नेमक्या कडक उन्हात हा कागद सर्वांत चांगला वाचता येतो. छोट्या सौरपट्टीवर चालणारा, दगड लागला तरी न फुटणारा प्लास्टिकचा फलक तिथे लागला, तर मुलाबाळांसह उभ्या असलेल्या बाईला गाडी रद्द झाल्याचे वेळेत कळेल. महाग आहे, हे खरे. पण अशा वापरासाठी किंमत उतरवण्याचा प्रयत्न झाला पाहिजे, असे या संग्रहातल्या बहुतेक लेखकांना वाटते आणि मलाही वाटते.

वाचनाबद्दलही दोन शब्द. पहिल्या किंडलच्या पडद्यावर एका इंचात १६७ ठिपके होते. त्यावर इंग्रजी निभावायचे. पण 'ष्ट्र', 'द्ध', 'ह्म' यांसारखी जोडाक्षरे आणि त्यांच्या वरखालच्या मात्रा-उकार एवढ्या ठिपक्यांत गुदमरतात. आज इंचाला ३०० ठिपके सर्रास मिळतात आणि देवनागरी तिथे खरोखर सुंदर दिसते. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तके अधिकृतपणे येऊ लागली. आता उणीव पडद्याची कमी आणि त्यावर चढवण्याजोग्या, नीट तपासलेल्या मजकुराची जास्त आहे. दिवाळी अंकांचे संपादक आणि ग्रंथालये यांनी या भागाकडे जरूर लक्ष द्यावे.

या संग्रहातले लेखक अभियंते आहेत, रसायनशास्त्राचे अध्यापक आहेत, अक्षररचना करणारे आहेत, फोन दुरुस्त करणारेही आहेत. त्यांची मते जुळत नाहीत आणि ती जुळवून घेण्याचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. घडीच्या फोनाबद्दल माझ्याहून जास्त आशा असणारे लेख यात आहेत. ते मी विरोधी म्हणून वाचले आणि त्यांतल्या एकाने, निदान नकाशे वापरणाऱ्या सर्वेक्षकांच्या बाबतीत, माझे मत बदलले. पुस्तक सलगच वाचावे असे नाही. रसायनाची सवय नसलेल्यांनी कागद आणि दुरुस्ती यांच्यापासून सुरुवात केली तरी चालेल. अभ्यासक्रमासाठी वाचणाऱ्यांनी मात्र ट्रान्झिस्टर आणि आधारपत्रे हा भाग टाळू नये, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

शेवटी शाळेत करता येतील असे काही प्रयोग जोडले आहेत. मोडक्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक पट्टी सोलून ती नव्वद अंशांत फिरवली, की काळे आकडे पांढरे आणि पांढरी पार्श्वभूमी काळी होते. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या वेगवेगळ्या जाडीच्या फिल्म पेन्सिलीभोवती गुंडाळून ताणाचा हिशेब फळ्यावर मांडता येतो. सामग्री भंगाराच्या दुकानात मिळते. विज्ञानाच्या शिक्षकांनी हे प्रयोग आठवी-नववीच्या वर्गात करून पाहावेत आणि कुठे अडले, मुलांनी काय विचारले, ते प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवावे. पुढच्या आवृत्तीत त्याप्रमाणे दुरुस्त्या करायच्या आहेत.